मीडियम फॉरमॅट फिल्मसाठी लेन्स आणि साहित्य कसे निवडावे : मुंबईत काम करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पस्तीस मिलिमीटर फिल्मवर हात बसल्यानंतर १२० फिल्मकडे, म्हणजे मीडियम फॉरमॅटच्या रुंद रोल फिल्मकडे, वळणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याच्या नावाचा : हॅसलब्लाड घ्यावा, ममिया घ्यावा की रोलीफ्लेक्सच्या शोधात राहावे? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आपण कशाचे छायाचित्र काढणार आहोत, त्या विषयापासून किती अंतरावर उभे राहता येणार आहे आणि शेवटी किती मोठी प्रिंट हवी आहे, या तीन गोष्टी आधी ठरल्या की फ्रेमचा आकार ठरतो. फ्रेमवरून लेन्स ठरते आणि लेन्सवरून कॅमेरा जवळजवळ आपोआप ठरतो. त्यातही मुंबईच्या हवेत नावापेक्षा वस्तूची अवस्था जास्त महत्त्वाची आहे. बुरशी लागलेल्या नामांकित लेन्सपेक्षा स्वच्छ, नियमित वापरात असलेली साधी लेन्स केव्हाही चांगली.

फ्रेमचा आकार

१२० फिल्म कोडॅकने १९०१ साली बाजारात आणली आणि ती आजही त्याच आकारात मिळते. तिची रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर असल्यामुळे फ्रेमची एक बाजू सगळ्या कॅमेऱ्यांत साधारण ५६ मिलिमीटर राहते. बदलते ती दुसरी बाजू. फ्रेमची नावे सेंटिमीटरमधल्या ढोबळ मापावरून पडली आहेत. ६×४.५ मध्ये ती सुमारे ४१.५, ६×६ मध्ये ५६, ६×७ मध्ये ६९ ते ७० आणि ६×९ मध्ये ८४ मिलिमीटर असते. एका रोलवर अनुक्रमे १५ किंवा १६, १२, १० आणि ८ फ्रेम येतात. रोल, धुलाई आणि स्कॅन यांचा एकत्रित खर्च या संख्येने भागून पाहिला, तर ६×७ ची एक फ्रेम ६×४.५ च्या फ्रेमपेक्षा दीडपट महाग पडते हे लगेच ध्यानात येते. हा हिशेब कॅमेरा घेण्यापूर्वीच करावा, कारण कॅमेऱ्याची किंमत एकदाच मोजावी लागते आणि फिल्मची दर आठवड्याला.

मोठ्या फ्रेमचा फायदा प्रिंटमध्ये दिसतो. १६×२० इंचांच्या प्रिंटसाठी पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह सुमारे सतरा पट मोठी करावी लागते, तर ६×७ ची सव्वासात ते साडेसात पटच. दाणा, टोनमधील सलगता आणि बारीक तपशील यांतला फरक या आकड्यांतूनच येतो. मात्र प्रिंट कधी बारा इंचांच्या पुढे जाणारच नसेल, तर ६×७ चे ओझे रोज खांद्यावर वागवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चौरस फ्रेम आवडत असेल तर ६×६ घ्यावी. आडव्या-उभ्या फ्रेमची सवय मोडायची नसेल आणि जास्त फ्रेम हव्या असतील तर ६×४.५ घ्यावी. ठरावीक जागी ट्रायपॉडवर व्यक्तिचित्रे किंवा वास्तुचित्रे करायची असतील तर ६×७ ला तोड नाही. ६×९ मी पहिल्या कॅमेऱ्यासाठी सुचवणार नाही, कारण आठ फ्रेममध्ये शिकणाऱ्याच्या हाताला वळण लागत नाही.

निर्णय होत नसेल तर एक सोपा उपाय आहे. आपल्याकडे अनेक घरांच्या माळ्यावर ॲग्फा क्लिक थ्री पडलेला असतो. तोही १२० फिल्मवर ६×६ फ्रेमच घेतो. त्याच्या लेन्सकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, पण कागदी आवरण असलेला रोल कसा भरायचा, लाल खिडकीतून आकडा कसा पाहायचा आणि चौरसात माणूस कुठे बसवायचा, हे सगळे त्यावर शिकता येते.

लेन्स : अंतर आणि रुंदी यांचा हिशेब

कुठली फोकल लेंग्थ घ्यावी हे लोक सहसा पस्तीस मिलिमीटरशी तुलना करून ठरवतात. त्यापेक्षा सरळ आणि जास्त उपयोगी रीत अशी की, विषयापासूनचे अंतर गुणिले ५६ भागिले फोकल लेंग्थ केले की ६×६ फ्रेममध्ये मावणारी रुंदी मिळते. ८० मिलिमीटरची लेन्स ५ मीटरवरून साडेतीन मीटर रुंदी घेते. ५० मिलिमीटरची लेन्स त्याच जागेवरून ५.६ मीटर घेते आणि १५० मिलिमीटरची जेमतेम १.९ मीटर. ६×४.५ ची लांब बाजूही ५६ मिलिमीटरच असल्यामुळे आडव्या फ्रेमसाठी हाच हिशेब चालतो. ६×७ साठी ५६ च्या जागी ७० धरावेत.

आता हा हिशेब मुंबईतल्या जागांना लावून पाहू. गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरल्यावर समोरच्या चाळीपासून मागे सरकायला फार तर पाच-सहा मीटर मिळतात, कारण पाठीला दुसऱ्या चाळीचा कठडा लागतो. तिथे ८० मिलिमीटरच्या लेन्समध्ये दोन-तीन खोल्यांची दारे येतील, पण लाकडी गॅलरीची लय, जिन्याचे वळण आणि वाळत घातलेल्या कपड्यांची रांग एकत्र येणार नाही. ते हवे असेल तर ५० मिलिमीटरच घ्यावी लागेल. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती मात्र मैदानातून हव्या तेवढ्या मागे जाऊन टिपता येतात. १५ मीटर रुंदीचा दर्शनी भाग ८० मिलिमीटरमध्ये बसवायला सुमारे साडेएकवीस मीटर अंतर पुरते आणि तेवढी मोकळी जागा तिथे आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पूर्वेकडच्या गॉथिक इमारतींचे मनोरे टिपताना कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत झुकतात, म्हणून तिथे जास्त मागे जाऊन, कॅमेरा पातळीत ठेवून नंतर वरचा भाग कापून घेणे मला अधिक चांगले वाटते. मोठ्या निगेटिव्हमुळे असे कापणे परवडते.

व्यक्तिचित्रांसाठी १५० मिलिमीटर दोन मीटरवरून सुमारे पाऊण मीटर रुंदी घेते, म्हणजे चेहरा आणि खांदे. एवढ्या अंतरावरून नाकडोळ्यांचे प्रमाण बिघडत नाही आणि माणूसही अवघडत नाही. ८० मिलिमीटरने तेवढेच भरायचे तर एका मीटरच्या आसपास जावे लागते आणि नाक ठळक दिसू लागते. म्हणूनच ८० मिलिमीटर ही कमरेपर्यंतच्या किंवा पूर्ण उभ्या माणसाची, त्याच्या भोवतालच्या जागेसह काढलेल्या चित्राची लेन्स आहे. दुकानदार गल्ल्यावर, शिंपी मशीनवर, आजी चौकटीत उभी, अशी चित्रे तिच्यात उत्तम बसतात.

माझा आग्रह असा की पहिले काही महिने एकच सर्वसाधारण लेन्स वापरावी : ६×४.५ आणि ६×६ साठी ७५ ते ८०, ६×७ साठी ९० ते ११०. या लेन्स त्या त्या कंपनीने सर्वांत जास्त संख्येने बनवल्या, त्यामुळे त्या तुलनेने स्वस्त मिळतात, त्यांचे सुटे भाग सापडतात आणि त्या बहुधा संचातल्या सर्वांत तीक्ष्ण लेन्सपैकी असतात. दुसरी लेन्स कोणती घ्यायची हे निगेटिव्ह सांगतात. दर रोलमध्ये कडेचे काहीतरी कापले गेल्याची खंत वाटत असेल तर ५०. दर वेळी पार्श्वभूमीचा पसारा नकोसा वाटत असेल तर १५०. तिन्ही लेन्सचा संच एकदम स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये. त्यातली एक तरी बुरशी लागलेली असण्याची शक्यता मोठी असते.

मोठे छिद्र किती हवे

एफ/१.९ किंवा एफ/२.४ अशा आकड्यांचा मोह आवरावा (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). मीडियम फॉरमॅटमध्ये एफ/२.८ देखील फार उथळ असते. ८० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ वर दोन मीटरवर रोखली, तर ६×६ मध्ये स्पष्टतेची खोली जेमतेम १८ सेंटिमीटर मिळते. एफ/८ वर ती सुमारे अर्ध्या मीटरवर जाते. डोळा स्पष्ट आणि कान धूसर ही अवस्था एफ/२.८ वर सहज येते, म्हणून व्यक्तिचित्रांसाठी एफ/५.६ हे छिद्र मला सर्वांत भरवशाचे वाटते.

उलट दिशेने पाहिले तर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१६ वर तीन मीटरवर लावली की दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट राहते. चाळीच्या चौकात, बाजारात किंवा बाणगंगेच्या पायऱ्यांवर ही जुळणी करून ठेवली की फोकसकडे पुन्हा पाहावे लागत नाही. लेन्सवरच्या खोलीच्या खुणा वाचायला शिकणे हे फार मोठे छिद्र विकत घेण्यापेक्षा जास्त कामाचे आहे.

मुंबईच्या उन्हाचाही विचार करावा. स्वच्छ दुपारी १०० आयएसओच्या फिल्मला १/१२५ सेकंद आणि एफ/१६ लागते, म्हणजे १/५०० वर एफ/८. ज्या कॅमेऱ्याचा कमाल वेग १/५०० आहे त्यावर एफ/२.८ वापरायचे तर तीन स्टॉपचा राखाडी फिल्टर लावावा लागेल (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). ४०० आयएसओची फिल्म भरली असेल तर पाच स्टॉपचा. पावसाळ्यात नेमके उलटे घडते. दाट ढगांखाली ४०० ला १/१२५ आणि एफ/११ च्या आसपास मिळते आणि गॅलरीच्या आत पाऊल टाकले की १/६० आणि एफ/४ वर यावे लागते. म्हणून जून ते सप्टेंबर ४०० आणि कोरड्या महिन्यांत १००, असा साधा नियम पाळायला हरकत नाही.

शटर कुठे आहे

याकडे नवखे लोक कानाडोळा करतात, पण कॅमेरा निवडताना हा मुद्दा लेन्सइतकाच मोठा आहे. हॅसलब्लाड ५०० मालिका, ममिया आरबी६७ आणि आरझेड६७, ब्रोनिका ईटीआर आणि एसक्यू, आणि जवळजवळ सगळे दुहेरी लेन्सचे कॅमेरे यांत शटर लेन्सच्या आतच पाकळ्यांच्या रूपात असते. त्याचा वेग १/५०० च्या पुढे सहसा जात नाही, पण फ्लॅश प्रत्येक वेगावर जुळतो. पेंटॅक्स ६७ आणि ममिया ६४५ यांत शटर फिल्मच्या पुढे पडद्याच्या रूपात असते. वेग १/१००० पर्यंत मिळू शकतो, पण फ्लॅश पेंटॅक्स ६७ मध्ये १/३० पर्यंतच आणि ममिया ६४५ मध्ये १/६० पर्यंतच जुळतो.

भर दुपारी गच्चीवर नवरा-नवरीचे छायाचित्र घ्यायचे आहे, डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या फ्लॅशने भरायच्या आहेत आणि मागचे आकाशही पांढरे पडू द्यायचे नाही. १/३० वर हे करायला गेलात तर १०० आयएसओला एफ/३२ लागेल, आणि एवढ्या बारीक छिद्रातून माणूस उजळवायला फार ताकदवान फ्लॅश लागतो. पाकळ्यांच्या शटरमध्ये १/५०० आणि एफ/८ वर साधा फ्लॅश पुरतो. ज्यांना लग्ने, नियतकालिकांसाठी व्यक्तिचित्रे किंवा उन्हातली फॅशन करायची आहे त्यांनी पाकळ्यांचे शटरच घ्यावे. फ्लॅश कधीच न वापरणाऱ्याला पडद्याच्या शटरमुळे लेन्स स्वस्त आणि हलक्या मिळतात.

पाकळ्यांच्या शटरची एक अडचण अशी की प्रत्येक लेन्समध्ये वेगळे शटर असते आणि त्यामुळे दुरुस्तीही प्रत्येकाची वेगळी. तीन लेन्स म्हणजे तीन शटर, हे खर्चात धरावे.

कॅमेऱ्याची जात

दुहेरी लेन्सचा कॅमेरा हा मुंबईत फिरून काम करणाऱ्यासाठी मी सर्वांत आधी सुचवेन. यशिकामॅट १२४जी, रोलीफ्लेक्स, ममिया सी३३० हे त्यातले ओळखीचे. आरसा हलत नसल्यामुळे १/३० वरही हात स्थिर राहतो आणि आवाज जवळजवळ नसतो. मान खाली घालून छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यापुढे समोरचा माणूस कमी सावध होतो. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलीफ्लेक्सवर केलेले काम पाहिले की या कॅमेऱ्याची ताकद कळते. फोकसिंगच्या काचेवर प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसते, याची सवय दोन-तीन रोलमध्ये होते. यशिका आणि रोलीफ्लेक्समध्ये लेन्स बदलत नाही, त्यामुळे ज्याला ५० किंवा १५० ची गरज नक्की पडणार आहे त्याने ममिया सी३३० पाहावा. त्याच्या लेन्स ५५ ते २५० मिलिमीटरपर्यंत बदलता येतात. मात्र तो बराच जड आहे आणि जवळच्या विषयात वरची व खालची लेन्स वेगवेगळे पाहतात, हे सांभाळावे लागते.

यशिकामॅट १२४जी घेताना त्याच्या मीटरवर भिस्त ठेवू नये. तो पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनला आहे आणि असे सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचा आकडा दाखवतो. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल १.४ व्होल्टचा असल्यामुळे तो जास्त जवळचा पडतो आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात सहज मिळतो.

एका लेन्सच्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत हॅसलब्लाड ५००सी/एम आकाराने लहान, पूर्ण यांत्रिक आणि ८० मिलिमीटरच्या प्लॅनार लेन्समुळे सुप्रसिद्ध आहे. त्याच्या वापरातला एक नियम पाठ करावा : लेन्स काढताना किंवा बसवताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या, म्हणजे शटर सोडायला तयार अशा, स्थितीत असले पाहिजेत. हा नियम मोडला की यंत्रणा अडकते आणि जोर लावला तर तुटते. जुन्या सी लेन्सना बी५० आणि नंतरच्या सीएफ लेन्सना बी६० मापाचे फिल्टर लागतात, त्यामुळे मिसळ संच घेतला तर फिल्टर दोनदा विकत घ्यावे लागतात.

ममिया आरबी६७ हा १९७० सालापासूनचा, बॅटरी न लागणारा, दणकट आणि तुलनेने स्वस्त कॅमेरा आहे. मागचा भाग फिरवता येत असल्यामुळे उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा आडवा करावा लागत नाही. पण लेन्ससह त्याचे वजन अडीच किलोच्या पुढे जाते. सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये तो पाठीवर घेऊन चढायचे असेल तर आधी एखाद्या मित्राचा कॅमेरा तसा नेऊन पाहावा. फोकससाठी त्यात भाता, म्हणजे लेन्समागचा घड्यांचा लांबणारा भाग, असतो आणि जवळच्या विषयासाठी भाता लांबवला की प्रकाश कमी होतो. ९० मिलिमीटरच्या लेन्सला भाता ४५ मिलिमीटर बाहेर आला असेल तर सव्वा स्टॉपच्या आसपास जास्त प्रकाश द्यावा लागतो. ही भरपाई दाखवणारी पट्टी कॅमेऱ्यावरच असते. ती न पाहता काढलेली जवळची चित्रे काळपट येतात. आरझेड६७ हलका आणि वापरायला सोपा आहे, पण त्याला सहा व्होल्टची बॅटरी लागते आणि ती संपली तर एकाच वेगावर काम भागवावे लागते.

पेंटॅक्स ६७ हातात धरून वापरता येतो, आणि त्याची १०५ मिलिमीटर एफ/२.४ ही लेन्स व्यक्तिचित्रांसाठी फार लोकप्रिय आहे. या लेन्सच्या जुन्या प्रतींमध्ये थोरियमयुक्त काच असल्यामुळे ती कालांतराने पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो, त्यामुळे केवळ त्या कारणाने ती नाकारू नये. आरशाचा धक्का मात्र मोठा आहे, म्हणून कमी वेगावर आरसा आधी वर घेण्याची सोय असलेलीच प्रत घ्यावी.

रेंजफाइंडरच्या जातीतला, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायचा, ममिया ७ प्रवासासाठी आदर्श म्हणता येईल. त्याच्या लेन्स विलक्षण तीक्ष्ण आहेत आणि कॅमेरा हलका आहे. पण ८० मिलिमीटर एका मीटरच्या आत येत नाही, खोली काचेवर दिसत नाही आणि संपूर्ण यंत्रणा इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे बिघडली तर दुरुस्ती अवघड. पहिल्या खरेदीसाठी एवढे पैसे गुंतवू नयेत असे मला ठामपणे वाटते.

दुकानात पारखणे

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार परिसर छायाचित्रणाच्या साहित्यासाठी जुना आहे आणि चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुने कॅमेरे अजूनही दिसतात. कुठूनही घ्या, पण वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत लहान पण तेजस्वी टॉर्च, पुसायचे स्वच्छ कापड, बॅटरी आणि एक जुना वाया घालवायचा १२० रोल न्यावा.

लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी करावी, छिद्र पूर्ण उघडावे, शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते ती जागा) उघडे धरावे आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरून पुढून पाहावे. सरळ प्रकाशात दोष दिसत नाहीत. तिरक्या प्रकाशात बुरशी कडेकडून आत येणाऱ्या बारीक फांद्यांसारखी उमटते. एकसारखे दुधी सावट दिसले तर तो काचेवर बसलेला तेलाचा किंवा ओलाव्याचा थर असतो आणि तो बहुधा साफ होतो. कडेला इंद्रधनुषी रंगाचे अर्धवर्तुळ दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटला आहे. ती दुरुस्ती खर्चिक आहे, म्हणून अशी लेन्स परत ठेवावी. थोडी धूळ किंवा पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात दिसत नाही, आणि त्या नावाखाली भाव मात्र कमी करून घेता येतो. बुरशी कडेला, अगदी नुकती आणि पुढच्या काचेवर असेल तर साफ होऊ शकते. पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचा राहतो. आतल्या काचेवर असेल तर दुरुस्तीचा खर्च विचारूनच पुढे जावे.

नंतर शटर. एक सेकंदापासून सुरुवात करावी. एक सेकंद आणि अर्धा सेकंद यांवर गुरगुर एकसारखी यावी, मध्येच अडखळू नये. दमट हवेत वर्षानुवर्षे न वापरलेल्या शटरचे वंगण घट्ट होते आणि मंद वेग अडकतात. पाकळ्यांवर तेलाची चमक दिसली तर शटर उघडून साफ करावे लागणार हे निश्चित समजावे. वेगवान वेग कानाने तपासता येत नाहीत. ते चाचणीच्या रोलवर कळतात.

भाता असेल तर अंधाऱ्या जागी आत टॉर्च पेटवून त्याच्या कोपऱ्यांवर प्रकाशाचे ठिपके दिसतात का ते पाहावे. मागच्या दाराची आणि फिल्म मॅगझिनची (रोल भरायचा सुटा मागचा डबा) फोमची पट्टी बोटाने दाबून पाहावी. मुंबईच्या हवेत ती चिकट काळ्या लगद्यासारखी होते. पट्टी बदलणे स्वस्त आहे, पण तिचा चुरा आरशावर किंवा फिल्मवर पडला असेल तर आत काय झाले आहे हे पाहिले पाहिजे. हॅसलब्लाडच्या मॅगझिनचे बाहेरचे आवरण आणि आतला भाग यांवरचे क्रमांक जुळतात का ते तपासावे. न जुळणारे भाग चालतात, पण फ्रेममधील अंतर कमी-जास्त होण्याची शक्यता वाढते. शेवटी वाया घालवायचा रोल भरून बाराही फ्रेम पुढे न्याव्यात आणि प्रत्येक फ्रेमला अंक योग्य जागी थांबतो का ते बघावे.

दुकानदाराशी एक बोलणे आधीच करून ठेवावे : चाचणीचा रोल धुऊन येईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, वस्तू परत करण्याची मुभा. प्रामाणिक दुकानदार याला नाही म्हणत नाही.

सोबतचे साहित्य

हातात धरायचा लाइट मीटर ही लेन्सनंतरची पहिली खरेदी. विषयावर पडणारा प्रकाश मोजणारा, पांढऱ्या घुमटाचा साधा मीटर पुरेसा आहे. सावळ्या त्वचेच्या माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभे केले की परावर्तित प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो. पडणारा प्रकाश मोजला की हा प्रश्नच उरत नाही. मोबाइलवरचे ॲप कामचलाऊ आहे, पण ते आधी एखाद्या खऱ्या मीटरशी पडताळून घ्यावे.

हूड नक्की घ्यावा. समुद्राकाठचा पसरलेला उजेड जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट पार उतरवतो. कृष्णधवल करणाऱ्याने पिवळा आणि नारंगी असे दोन फिल्टर ठेवावेत. पिवळ्याला एक स्टॉप आणि नारंगीला दीड ते दोन स्टॉप वाढवून द्यावे लागतात. पावसाळी ढगांचे थर नारंगी फिल्टरने फार सुंदर सुटे होतात. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो आणि मरीन ड्राइव्हचे आकाश अनैसर्गिक काळे करतो, म्हणून तो मी सोडून देतो.

ट्रायपॉड हलका घेऊन पैसे वाचवू नयेत, आणि केबल रिलीज त्याच्यासोबतच घ्यावी. रस्त्यावर ट्रायपॉड लावला की पोलिसांची विचारणा होऊ शकते, आणि रेल्वेच्या हद्दीत तर परवानगीशिवाय उघडूच नये. रात्रीच्या चित्रांसाठी लांब वेळेची भरपाईही शिकून घ्यावी. एका सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घसरत जाते आणि इलफर्ड एचपी५ प्लसला मीटरने दहा सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे वीस सेकंद द्यावे लागतात.

साठवण आणि धुलाई

पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, आणि त्या हवेत चामड्याच्या बॅगेत बंद करून ठेवलेली लेन्स ही बुरशीला दिलेली जागाच आहे. विजेवर चालणारे कोरडे कपाट घेऊन आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवावी. परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही काम भागते. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून शटर सगळ्या वेगांवर चालवावे. वापरात असलेली लेन्स बिघडत नाही, पडून राहिलेली बिघडते.

फिल्म फ्रीजमध्ये ठेवावी, पण आवरण न फोडता दोन तास खोलीत ठेवून मगच उघडावी, नाहीतर थंड फिल्मवर दव धरते. रोल नेहमी सावलीत भरावा आणि काढावा. काढल्यावर तो सैल होऊ न देता कागदी पट्टी घट्ट चिकटवावी, कारण १२० च्या रोलला डबीचे संरक्षण नसते आणि सैल रोलच्या कडा उन्हाने जळतात. विमानतळावर फिल्म हातातल्या सामानात ठेवावी आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. नव्या प्रकारची सीटी स्कॅन यंत्रे सर्वच फिल्मला हानिकारक आहेत.

कृष्णधवल फिल्म घरी धुणार असाल तर एप्रिल-मेमधले नळाचे पाणी हा मोठा प्रश्न आहे. ते तीस अंशांच्या आसपास पोचते आणि डेव्हलपरच्या नेहमीच्या वेळा वीस अंशांसाठी दिलेल्या असतात. सगळे पाणी वीसवर आणण्याची धडपड करण्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून ते चोवीसवर आणावे आणि निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करावा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर धुलाई एकसारखी होत नाही, म्हणून डेव्हलपर जास्त पातळ करून वेळ लांबवावा. स्टॉप बाथ, फिक्सर आणि शेवटचे धुण्याचे पाणीही दोन-तीन अंशांच्या फरकातच ठेवावे, कारण गरम पाण्यात मऊ झालेला इमल्शनचा थर ओरखड्यांना आणि सुरकुत्यांना लगेच बळी पडतो.

चाचणीचा पहिला रोल

तो चांगली चित्रे काढण्यासाठी वापरू नये. ढगाळ पण एकसारख्या उजेडात, १०० आयएसओची फिल्म घालून, एकाच भिंतीची पाच चित्रे घ्यावीत : १/५०० आणि एफ/४, १/२५० आणि एफ/५.६, १/१२५ आणि एफ/८, १/६० आणि एफ/११, १/३० आणि एफ/१६. पाचही निगेटिव्ह सारख्याच घनतेच्या यायला हव्यात. १/५०० ची ठळकपणे दाट आली तर तो वेग मंद झाला आहे. दुसरीकडे कुठे फरक दिसला तर वेग आणि छिद्र दोन्ही तपासावे. सहावे आणि सातवे चित्र पूर्ण उघड्या छिद्रावर, एक गच्चीवरून दूरच्या इमारतींचे आणि एक दोन मीटरवर दहा-दहा सेंटिमीटर अंतराने तिरके मांडलेल्या पुस्तकांच्या रांगेचे घ्यावे. मधल्या पुस्तकावर रोखलेले असताना पुढचे किंवा मागचे पुस्तक जास्त स्पष्ट आले, तर फोकसिंगची काच किंवा आरसा जागेवरून हलला आहे. आठवे सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून घ्यावे, म्हणजे लेन्समध्ये नको असलेली चमक किती येते ते कळते. उरलेल्या फ्रेम कॅमेरा दोन मिनिटे उन्हात धरून मगच घ्याव्यात. धुऊन आल्यावर निगेटिव्ह लाइट बॉक्सवर पसरून आधी फ्रेममधली अंतरे आणि कडा पाहाव्यात. फ्रेमच्या बाहेरपर्यंत पसरलेला काळा पट्टा म्हणजे मॅगझिनमधून प्रकाश शिरतो आहे, आणि फक्त फ्रेमच्या आत थांबलेला पट्टा म्हणजे कॅमेरा, भाता किंवा लेन्सच्या बाजूने. दुकानदाराकडे परत जाताना हीच निगेटिव्ह सोबत न्यावी, कारण कारागिराला तोंडी वर्णनापेक्षा त्या पट्टीवरून दोष कुठे आहे हे लवकर कळते.